तुम्ही विचारलंत म्हणून: एआयने लिहिलेली असाइनमेंट पकडायची कशी?

‘असाइनमेंट विद्यार्थ्यानं लिहिली की चॅटजीपीटीनं, हे खात्रीनं सांगणारं सॉफ्टवेअर कोणतं?’ प्राध्यापक मंडळींचा हा ठरलेला प्रश्न. असं सॉफ्टवेअर नाही.

यंत्राचं लेखन ओळखण्याचा दावा करणारे अनेक प्रोग्राम, म्हणजे डिटेक्टर, मुख्यतः दोन गोष्टी बघतात: पुढचा शब्द कितपत अपेक्षित आहे आणि वाक्यांची ठेवण किती बदलते. शब्द ओळखीचे, वाक्यं एका मापाची, की लागला शिक्का. परक्या भाषेत जपून लिहिणाऱ्याचं लेखन नेमकं असंच असतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये टोफेलचे (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेचे) 91 निबंध सात डिटेक्टरांना दिले. माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक यंत्राचे ठरले. ज्याला फसवायचंच आहे तो मात्र ‘भाषा जरा अलंकारिक कर’ असं यंत्रालाच सांगून सुटतो. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं जानेवारी 2023 मध्ये आणलेला डिटेक्टर यंत्राच्या मजकुरापैकी 26 टक्केच ओळखायचा. जुलैत तो गुंडाळला.

टर्निटिन या नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा ‘एकच टक्का चूक’ हा दावा ऐकायला बरा वाटतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठानं टर्निटिनमधून 2022 मध्ये 75,000 पेपर तपासले होते. त्यांचा एक टक्का म्हणजे 750 पेपरांवर नाहक आळ आला असता. विद्यापीठानं ऑगस्ट 2023 मध्ये टर्निटिनमधली एआय ओळखण्याची सोय बंद केली, ते योग्यच.

त्यापेक्षा संदर्भ तपासा. यंत्राची बनावट पटण्याजोगी असते: लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख अस्तित्वातच नाही. डीओआय (लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडला तर भलताच लेख समोर येतो किंवा काहीच येत नाही. इंटरनेटवर शोध घेणारी साधनं आता खरे संदर्भ देतात, तेव्हा दिलेल्या पानावर ते विधान खरंच आहे का, तेही बघा. तीन संदर्भ तपासलेत तरी पुरे.

काम टप्प्यांनी मागवा: आधी प्रश्न, मग टिपणांसह संदर्भयादी, कच्चा मसुदा आणि शेवटी पक्का. फक्त पक्क्या मसुद्याला गुण दिलेत, तर बाकीचे टप्पे आदल्या रात्री एकदम तयार होतात. गूगल डॉक्सचा बदलांचा इतिहास मागता येतो. दोन पानं एकदम चिकटवलेली दिसली, तर प्रश्न विचारा, निकाल देऊ नका. मजकूर स्वतःच्याच दुसऱ्या फाइलमधून आलेला असू शकतो.

खरा कस तोंडी परीक्षेत लागतो. साठ विद्यार्थ्यांना सहा-सहा मिनिटं म्हणजे सहा तास. तेवढे नसतील तर असाइनमेंट जमा झाल्यावर चिठ्ठ्या टाकून पंधरा जणांना बोलवा, पण हे आधीच जाहीर करा. व्याख्या विचारू नका, त्या पाठ होतात. ‘हा परिच्छेद काढला तर तुझ्या मांडणीचं काय बिघडेल?’ असं विचारा. असाइनमेंट त्याच्या हातात असू द्या. बुजरा विद्यार्थी निव्वळ घाबरून अडखळतो आणि दोषी दिसतो.

सूचनापत्रात काय चालेल ते स्पष्ट लिहा. ‘एआय वापरू नये’ एवढंच लिहिलंत, तर व्याकरण सुधारणारं सॉफ्टवेअर त्यात मोडतं का, यावरूनच पहिला वाद होईल.