घरच्या घरी पीसीबी: माझा अनुभव, मापांसकट

लहान प्रोजेक्टचा पीसीबी (तारांऐवजी तांब्याच्या रेषांनी पार्ट्स जोडणारा बोर्ड) घरी करायचा, तर निम्मं काम नको असलेलं तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडची बाटली उघडण्याआधीच होतं. बोर्ड बिघडतो तो बहुतेक वेळा डिझाइनमध्ये नाहीतर तांबं साफ करताना. रसायन फक्त ती गडबड उघडी पाडतं.

दहा-बारा पार्ट्सचं, एकदाच लागणारं सर्किट असेल तर मी झिरो पीसीबीवरच (भोकं पाडलेल्या तयार बोर्डावर) जोडतो. त्याच सर्किटच्या दोन-तीन प्रती हव्या असतील किंवा तारांचं जंजाळ व्हायला लागलं, तरच टोनर ट्रान्सफर, म्हणजे लेझर प्रिंटरवर छापलेली नक्षी इस्त्रीने तांब्यावर उतरवणं. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे मुळात प्लास्टिक. ते तापलं की कागद सोडून तांब्याला चिकटतं आणि त्याखालचं तांबं एचिंगमध्ये (रसायनाने तांबं विरघळवताना) वाचतं. इंकजेटची शाई इथे कामाची नाही.

डिझाइन करताना ट्रॅक (तांब्याची रेषा) ०.८ मिमी ठेवतो, अगदीच अडलं तर ०.५. दोन ट्रॅकमध्ये किमान ०.५ मिमी अंतर, आयसीचे (चिपचे) पॅड, म्हणजे पाय सॉल्डर करायच्या तांब्याच्या टिकल्या, १.८ मिमी. पायांमधलं अंतर २.५४ मिमी असल्याने दोन पॅडमध्ये ०.७४ मिमीच उरतात, त्यातून ट्रॅक न्यायचा मोह टाळावा. त्याऐवजी वरच्या बाजूने तारेचा एक जंपर टाकला तर काही बिघडत नाही. पॅडच्या मधोमध ०.४ मिमीचं पांढरं भोक मात्र हवंच. तिथलं तांबं विरघळून खळगा तयार होतो आणि ड्रिलचं टोक आपोआप त्यात बसतं.

प्रिंट १०० टक्के स्केलवरच काढायची. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर घोटाळा ठरलेला. ४० पायांच्या आयसीच्या एका ओळीत पहिल्या आणि शेवटच्या पायात ४८.२६ मिमी अंतर असतं. प्रिंट ९७ टक्क्यांवर गेली तर तेच ४६.८ होतं आणि आयसी बसत नाही. म्हणून कागदावर प्रत्यक्ष सॉकेट (आयसी ज्यात खोचतात तो साचा) ठेवून बघायचं.

आरशाचा प्रश्न नवख्यांना हमखास चकवतो. कायकॅड या पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड वरून दिसतो, त्यामुळे खालचा तांब्याचा थर उलटा न करता तसाच छापायचा. वरचा थर असेल तर मिरर करायचा. तांब्याच्या थरावर एखादं अक्षर टाकून ठेवावं: कागदावर ते उलटं दिसलं की तांब्यावर सुलटं उमटतं. उलटा बोर्ड तयार झालाच, तर लांब पायांचे आयसी ट्रॅकच्याच बाजूने बसवून वेळ निभावते.

आता तांबं. भांडी घासायची हिरवी घासणी आणि भांड्यांची पावडर, किंवा ६०० नंबरचा पॉलिश पेपर. सगळीकडे सारखी गुलाबी चमक येईपर्यंत गोल गोल घासायचं. नळाखाली धरल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे. ते थेंबाथेंबांनी गोळा होत असेल तर तेलकटपणा उरला आहे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि त्यानंतर बोर्ड कडेनेच धरायचा, कारण बोट लागलं तिथला टोनर निघतो. कापलेल्या कडांवरची धारही कानशीने मोडावी. ती तशीच राहिली तर इस्त्री कडेवर टेकते आणि मधला भाग दबतच नाही.

इस्त्री कॉटनवर, वाफ बंद. आधी कोरडा बोर्डच मिनिटभर तापवतो, मग छापलेला ग्लॉसी कागद टोनरची बाजू तांब्यावर येईल असा ठेवून पहिली ३० सेकंद न हलवता दाबतो. त्यानंतर तीन-चार मिनिटं इस्त्रीच्या टोकाने कडा आणि कोपरे. दाब कमी पडला तर ट्रॅक तुटक येतात, जास्त झाला तर टोनर पसरून शेजारचे ट्रॅक जुळतात. लॅमिनेटर असेल तर उत्तम, फक्त १.६ मिमीचा बोर्ड त्यातून जातो का ते आधी बघा. नंतर कागद ओढून काढायचा नाही. पाण्यात १५ मिनिटं भिजवायचा आणि बोटाने चोळून सोडवायचा. दोन ट्रॅकमध्ये कागदाचा पांढरा लगदा राहिला तर तिथलं तांबं विरघळत नाही. जुना मऊ टूथब्रश इथे कामाला येतो. तुटका ट्रॅक परमनंट मार्करने जोडता येतो. अर्धाअधिक टोनर गेला असेल तर डागडुजी करत बसू नका, ॲसिटोनने पुसून पुन्हा सुरुवात करा.

फेरिक क्लोराइडसाठी २०० मिली पाण्याला १०० ग्रॅम खडे. रसायन पाण्यात थोडं थोडं टाकायचं, उलटं नाही, कारण द्रावण तापतं. खड्यांऐवजी कोरडी पावडर घेतली तर ते फारच तापतं. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं, हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी. नेहमीच्या बोर्डावरचा थर ३५ मायक्रॉनचा असतो. ५ × ८ सेंमीच्या अख्ख्या तुकड्यावर जेमतेम सव्वा ग्रॅम तांबं भरतं, म्हणून एवढं द्रावण बऱ्याच बोर्डांना पुरतं.

भांडं गरम पाण्याच्या परातीत ठेवून द्रावण ४० ते ४५ अंशांवर आणलं आणि सतत हलवत राहिलं, तर १० ते २० मिनिटांत काम होतं. थंड आणि स्थिर द्रावणात तासभर सहज जातो. उशीर नुसता कंटाळवाणा नसतो: रसायन टोनरखाली बाजूनेही शिरतं आणि बारीक ट्रॅक आतून खातं. मी बोर्ड तांब्याची बाजू खाली करून तिरका सोडतो. गाळ खाली पडतो आणि हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. बुडबुडा अडकला की तिथे तांब्याचं बेट उरतं. शेवटचं तांबं गेलं की लगेच बाहेर काढून भरपूर पाण्याने धुवायचं.

वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. त्यातलं तांबं जलचरांना घातक असतं आणि धातूचे पाइप ते खातं. प्लास्टिकच्या बाटलीत नाव लिहून ठेवा. पूर्ण मंदावलं की घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

भोकांसाठी रेझिस्टर आणि आयसीला ०.८ मिमी, १एन४००७ सारख्या डायोडला १.०, स्क्रू टर्मिनलला १.३. कार्बाइडचा बिट हाताने धरलेल्या ड्रिलला लावलात तर जरा तिरकं होताच तुटतो, त्याला स्टँडच लागतो. साधा स्टीलचा बिट तुटत नाही, पण ग्लास फायबरच्या बोर्डावर लवकर बोथट होतो. त्या बोर्डाची धूळ फुप्फुसात जायला नको, मास्क लावा.

०.३ मिमीचे ट्रॅक हवे असतील तर टोनरऐवजी ड्राय फिल्म, म्हणजे तांब्यावर चिकटवायची प्रकाशसंवेदी फिल्म. तिच्यावर अतिनील प्रकाश पडतो तो भाग टिकतो, म्हणून ट्रॅक पारदर्शक ठेवून उरलेलं काळं छापायचं आणि शाईची बाजू फिल्मला लावायची. डेव्हलप करायला (प्रकाश न पडलेला भाग धुऊन काढायला) लिटरभर पाण्यात १० ग्रॅम सोडियम कार्बोनेट. हे सगळं पिवळ्या उजेडात.

दोन बाजूंचा बोर्ड घरी करणं मला परवडत नाही. भोकांच्या आत तांबं चढत नाही, त्यामुळे प्रत्येक पाय दोन्हीकडून सॉल्डर करावा लागतो आणि आयसी सॉकेटच्या खाली सॉल्डरिंग आयर्न पोचतच नाही. असा बोर्ड मी सरळ कारखान्याकडे पाठवतो. फाइली देण्याआधी गर्बर व्ह्यूअरमध्ये (कारखान्याला द्यायच्या फाइली दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) भोकांची ड्रिल फाइल तांब्याच्या थरांवर ठेवून भोकं पॅडच्या मधोमध येतात का बघायचं, आणि बोर्डाच्या कडेची रेषा एकच आणि बंद आहे ना, तेही.