जर्मनीत कम्प्युटर सायन्सचं मास्टर्स: सीजीपीएच्या आधी सिलॅबस उघडा

"सीजीपीए 7 आहे, जर्मनीत मिळेल का?" हा प्रश्न सगळे विचारतात. "बीईला थिऑरेटिकल कम्प्युटर सायन्सचे क्रेडिट किती झाले?" हे मात्र कुणी विचारत नाही, आणि सरकारी विद्यापीठांत बरेचसे अर्ज नेमके तिथेच बाद होतात.

जर्मन विद्यापीठ तुमची बीई आपल्या बॅचलरशी ताडून बघतं. गणित किती, अल्गोरिदम किती, ऑटोमाटा-लॉजिक किती, हे सगळं ईसीटीएस या युरोपीय क्रेडिटमध्ये मोजलं जातं. एका वर्षाचे 60 ईसीटीएस, म्हणजे चार वर्षांचे 240. आपल्या पदवीचे एकूण क्रेडिट 160 असतील तर 240 भागिले 160, म्हणजे आपला एक क्रेडिट दीड ईसीटीएसचा. या हिशेबाने थिअरी ऑफ कम्प्युटेशनचे 3 क्रेडिट म्हणजे साडेचार, डिझाइन अँड अॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्सचे 3 म्हणजे आणखी साडेचार, मिळून 9. कोर्सने थिअरीचे 18 मागितले असतील तर एसओपी (प्रवेशासाठीचं हेतुपत्र) कितीही सुंदर लिहा, अर्ज तिथेच संपला. डिस्क्रीट मॅथ्स इकडे ओढून आकडा फुगवू नका. ते गणिताच्या रकान्यात जातं आणि तपासणाऱ्याला ते कळतं. ईअँडटीसी किंवा मेकॅनिकलवाल्यांची अडचण याहून मोठी. त्यांनी शुद्ध इन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे कम्प्युटर सायन्सऐवजी डेटा सायन्स, एम्बेडेड सिस्टीम्स, मेकॅट्रॉनिक्स असे कोर्स बघावेत.

म्हणून पहिलं काम एक्सेल शीट. एका बाजूला कोर्सच्या नियमावलीतले विषयगट, दुसऱ्या बाजूला आपले विषय, क्रेडिट आणि सिलॅबसचं पान. बरीच विद्यापीठं हा तक्ता अर्जदाराकडूनच भरून मागतात. सिलॅबसमध्ये तासांचा आकडा नसेल तर कॉलेजकडून वेळेत लिहून घ्या, परीक्षा विभागाच्या खिडकीवर आठवडे जातात.

गुणांचं रूपांतर 'मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला'ने होतं: सर्वोच्च गुणांतून तुमचे गुण वजा करा, सर्वोच्च वजा किमान पासिंगने भागा, 3 ने गुणा, 1 मिळवा. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे जेमतेम पास. सीजीपीए 7, किमान पासिंग 4 धरलं तर उत्तर 2.5. तेच पासिंग 5 धरलं तर 2.8. कटऑफ 2.5 असेल तर या एका आकड्यावर प्रवेश जातो. त्यामुळे गुणपत्रिकेच्या मागे छापलेली ग्रेडिंगची माहिती स्कॅन करायला विसरू नका.

भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) सक्तीचं आहे आणि बहुतेक विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात. फी 18,000 रुपये. हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होतो; अनेक ठिकाणी मुदत 15 जुलै, पण परदेशी अर्जदारांसाठी ती मार्च ते मेमध्येही संपते. एपीएस आदल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुमारास मार्गी लावलं की नंतर धावपळ होत नाही. बरेच अर्ज युनि-असिस्ट या विद्यापीठांसाठी अर्ज छाननाऱ्या संस्थेमार्फत जातात: पहिल्याला 75 युरो, पुढच्या प्रत्येकाला 30. त्यांच्या छाननीलाच चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून शेवटच्या दिवशी अपलोड केलेल्या अर्जात कागद कमी निघाला तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.

फुकट शिक्षण ही गोष्ट आता सरसकट खरी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात (मुंबईचं भगिनी शहर स्टुटगार्ट इथलंच) युरोपीय संघाबाहेरच्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने 2024-25 पासून मास्टर्सला सेमिस्टरमागे 4,000 ते 6,000 युरो लावलेत. इतर राज्यांतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नसते, फक्त सेमिस्टर शुल्क असतं. एजंट मात्र खासगी विद्यापीठंच का पुढे करतो, हे त्याला कमिशन कोण देतं ते विचारलंत की कळेल.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे 11,904 युरो दाखवायचे, म्हणजे महिन्याला 992. शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो कर) लागत नाही, हे बँकेत विचारून घ्या. खरी गोची पहिल्या महिन्यात होते. 992 चा हप्ता जर्मन खात्यातच पडतो. बऱ्याच बँका खातं उघडायला आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, मागतात. ती नोंदणी घरमालकाच्या सहीच्या कागदाशिवाय होत नाही. आणि घर मिळवायला डिपॉझिट लागतं, जे तीन महिन्यांच्या भाड्याइतकं असू शकतं. त्यामुळे दीड-दोन हजार युरो वेगळे हाताशी ठेवा. स्टुडिएरेंडेनवेर्क या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या होस्टेलसाठी प्रवेशपत्र आल्या दिवशीच नाव लावा. म्युनिकमध्ये 992 मध्ये महिना काढणं अवघड, केमनिट्झ किंवा माग्डेबुर्गमध्ये निभतं.

वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. गोदामात पेट्या उचलण्यापेक्षा विद्यापीठातलं हिवीचं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं काम किंवा कंपनीत वेर्कस्टुडंट, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी (आठवड्याला 20 तासांपर्यंत) बघा, पुढची नोकरी बहुधा तिथूनच लागते. पण परीक्षेकडे दुर्लक्ष नको. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा नापास झालं की नाव काढून टाकतात, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. एटीकेटीच्या सवयीने गेलेल्यांना हे फार उशिरा समजतं.

पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. ब्लू कार्डसाठी (उच्चशिक्षितांचा नोकरी-वास्तव्याचा परवाना) 2025 ची नव्या पदवीधरांची किमान पगाराची मर्यादा वार्षिक 43,759.80 युरो होती. पगार 50,000 असेल तर एकट्या माणसाच्या हाती कर-विमा जाऊन महिन्याला साधारण 2,600 ते 2,700 पडतात. रुपयांत गुणाकार करून घरी सांगण्याआधी ही वजाबाकी करा.

मास्टर्स इंग्रजीतून होतं, पण मोजक्या स्टार्टअप आणि मोठ्या कंपन्या सोडल्या तर मुलाखतीत बी1-बी2 (मध्यम पातळीचं; ए1-ए2 म्हणजे प्राथमिक) जर्मन विचारतातच. ब्लू कार्डवर बी1 असेल तर 21 महिन्यांत कायम वास्तव्य मिळतं, फक्त ए1 असेल तर 27 महिन्यांत. ए1-ए2 निघण्यापूर्वीच पुण्यात बोट क्लब रोडच्या किंवा मुंबईत काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात उरकून घ्या. तिकडे पहिल्या सेमिस्टरच्या असाइनमेंट सुरू झाल्या की भाषेचा क्लास सगळ्यात आधी सुटतो.