तुम्ही विचारलंत म्हणून: जतची पोरं मागं का?

लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही मी झेडपीची शिक्षिका होते हे कळलं की प्रश्न येतोच. मॅडम, सांगली जिल्हा एकच, पुस्तकं तीच, पगारपण सारखाच, मग वाळव्याची पोरं स्कॉलरशिपला चमकतात आणि जतची मागं का? विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलंच असतं, एकतर "तिकडची पोरंच तसली" नाहीतर "मास्तर शिकवत नाहीत". मी 9 वर्षं जतच्या कर्नाटकाला लागून असलेल्या दुष्काळी पूर्व भागात काढली आणि नंतर उसाच्या वाळवा तालुक्यात, दोन्हीकडची पोरं हाताखालून गेलीत. माझं उत्तर एवढंच, की दिवस मोजा.

माझा भाचा अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडं शाळेच्या पैशातला मोठा वाटा त्याच भागातल्या घरांच्या टॅक्समधनं येतो, म्हणून श्रीमंत वस्तीची शाळापण श्रीमंत. आपल्याकडं तसं नाही, पगार सरकार देतं. तरी फरक आहेच ना?

कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात निदान 200 दिवस शाळा भरली पाहिजे. पण दिवाळीच्या आगंमागं मुकादमाकडनं उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, घेतलेलं घर कोयता घेऊन निघतं ते मार्च-एप्रिलला परत, म्हणजे त्या पोराचे शंभर दिवससुद्धा भरत नाहीत. चौथी झाली म्हणायची, शाळा झालेली असते दोन वर्षांची. आणि त्याची तुलना करायची कुणाशी, तर 200 दिवस शाळा करून वर संध्याकाळी क्लासला जाणाऱ्या पोराशी!

त्यात मास्तरांचे दिवस. पद रिकामं राहिलं की एकच बाई चार वर्ग सांभाळते. मीपण दर मे महिन्यात बदलीच्या यादीत नाव शोधायचे, खोटं कशाला बोलू. आणि भाषा तर वेगळीच गोष्ट, पहिल्या आठवड्यात एक पोरगी रोज येऊन विचारायची "ऊटा आय्ता?", मला वाटायचं ही उंटाचं काय सांगतीय, नंतर कळलं की ती कानडीत विचारत होती, जेवलात का. घरी कानडी, शाळेत मराठी, म्हणजे पहिलीचे कितीतरी दिवस नुसतं कानाला सवय होण्यात जातात.

पैशाचा संबंध नाही असं म्हणत नाही हं मी. वाळव्यात आल्यावर जानेवारीत एकदा शाळेच्या मागच्या उसाच्या फडात जतची माझी जुनी विद्यार्थिनी दिसली, कडेवर भाऊ, डोक्यावर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा. ज्या उसाच्या बिलातनं माझ्या वर्गातल्या पोरांच्या क्लासची फी जायची तोच ऊस तिची आई तोडत होती. शाळेची घंटा तिला ऐकू येत होती! बापानं शिक्षण हमी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, ते कार्ड दाखवलं की जाईल तिथल्या शाळेत बसता येतं, मग बसवली तिला वर्गात. 11 दिवस आली. मग ऊसतोडीची टोळी दुसऱ्या गावाला हलली.

मग काय केलं तर फरक पडतो? मी बघितलेल्या दोनच गोष्टी सांगते. एक, पोराला मागं ठेवणं. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आई-बाप कोयत्यावर गेले तरी पोरगं गावात राहतं आणि जेवायची सोय होते, पण त्यासाठी कारखाना सुरू व्हायच्या आधी आजीला गाठावं लागतं, उचल घेतल्यावर कुणी ऐकत नाही. यात नवीन काही नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते याच हिशोबानं, आधी पोराच्या भाकरीची सोय, मग शाळा.

दुसरं, रोज एक तास इयत्ता विसरायची. अक्षर वाचणारी एकीकडं, शब्द वाचणारी दुसरीकडं, उतारा वाचणारी तिसरीकडं, मग पाचवीचं पोरगं दुसरीच्या पोराशेजारी बसलं तरी चालतं. लाजतात पहिले चार दिवस. माझ्या वर्गात दोन-तीन महिन्यांत अक्षरवाली पोरं उताऱ्यावर आलेली मी बघितलीत. स्मार्ट टीव्ही, रंगवलेल्या भिंती वगैरे असू देत, फोटो चांगले येतात.

त्या पोरीच्या आजीला मी पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधीच फोन केला. आजी म्हणाली, "बाई, पोरीला ठेवते, पण धाकटा कुणाच्या कडेवर?" शेवटी दोघंही राहिली, आणि धाकटा आमच्या जुन्या शाळेच्या अंगणवाडीत बसला.