काटा उजवीकडे होता

आमच्या फोटोसंग्रहात जुन्या विमानांचे कॉकपिट फोटो ओळखायचं काम माझ्याकडे आहे. बाहेरून विमान ओळखायला पंख असतात, शेपूट असते, आत मात्र नुसत्या तबकड्या आणि दांडे, म्हणून मी आधी एककं बघते. इंजिनाच्या बूस्टची, म्हणजे आत जाणाऱ्या हवेच्या दाबाची, तबकडी पाउंडात असेल तर ब्रिटिश, पाऱ्याच्या इंचात असेल तर अमेरिकन, 'आटा' हे दाबाचं एकक असेल तर जर्मन, एवढ्यावर बरंच काम होऊन जातं.

परवा एक काका त्यांच्या वडिलांच्या पेटीतला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला फोटो घेऊन आले, मागे पेन्सिलने 'स्पिटफायर' या ब्रिटिश लढाऊ विमानाचं नाव लिहिलेलं. फोटो इतका धूसर की एकही आकडा वाचता येत नव्हता. स्टिकच्या, म्हणजे विमान वळवायच्या दांडीच्या, टोकाला गोल कडं होतं, मधे सहा तबकड्यांचं पॅनल, म्हणजे ब्रिटिश फायटर हे जवळपास पक्कं. पण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा दांडा, उजवीकडे! उजवा हात स्टिकवर असतो म्हणून या फायटरांमध्ये थ्रॉटल डाव्या हाताशीच असतो. तासभर पुस्तकं चाळली पण असं विमान काही सापडेना.

मग भिंग घेऊन त्या सहा तबकड्या एकेक करून बघत बसले, तर वरच्या ओळीत डाव्या कोपऱ्यातला काटा आडवा, उजवीकडे तोंड करून. तिथे असायला हवा एअरस्पीड (हवेतला वेग), आणि विमान उभं असताना त्याचा काटा वर असतो. आडवा काटा असतो चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या तबकडीचा, तो शून्यावर डावीकडे बघतो आणि ती तबकडी असते उजव्या कोपऱ्यात. म्हणजे निगेटिव्हच उलटी ठेवून प्रिंट काढली होती! हात थरथरत होते माझे.

स्कॅन उलटवला आणि सगळं जागच्या जागी आलं, थ्रॉटल डावीकडे, आणि उजवीकडे एच आकाराच्या खाचेत एक दांडा. चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) दोन्ही त्याच एका दांड्याने चालवायचे, ही हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश फायटरची खूण. स्पिटफायरचा फ्लॅपचा दांडा वेगळा असतो, पॅनलच्या वर डावीकडे. शिवाय सीटशेजारी सांगाड्याच्या पोलादी नळ्या उघड्या दिसत होत्या, स्पिटफायरमध्ये तिथे पत्रा आणि फ्रेम असतात. दोघांनाही मर्लिन इंजिन, कडंही तसंच, पॅनलही तेच, गोंधळ होणं साहजिक आहे.

काकांना फोन केला, म्हटलं काका, हे हरिकेन आहे. ते जरा गप्प झाले, मला वाटलं वाईट वाटलं असेल, पण त्यांनी एवढंच विचारलं, "मग बाबांचा उजवा हात नक्की कुठे असायचा?" मी म्हटलं कड्यावर, आणि चाकं आत घ्यायला त्या खाचेतल्या दांड्यावर, तेवढ्यापुरती स्टिक डाव्या हातात. सरळ केलेली प्रिंट पाठवाल का म्हणाले. काल पाठवली. नोंदीत 'हरिकेन' लिहिलं, मार्कचा, म्हणजे विमानाच्या आवृत्तीचा, रकाना रिकामा ठेवलाय, तेवढं या फोटोत दिसत नाही.