२००८ ची दोम पेरिन्यों

नाशिकच्या गंगापूर रोडला एका मित्राकडे २००८ ची दोम पेरिन्यों चाखायला मिळाली. पिनो न्वार आणि शार्दोने या दोनच जातींच्या द्राक्षांची ही शॅम्पेन चांगल्या हंगामाच्या वर्षीच काढतात आणि यीस्टच्या गाळावर बाटलीतच वर्षानुवर्षे मुरवतात. भाजलेल्या पावाचा नि बदामाचा वास त्यातूनच येतो. फार गार असताना हा वास दबतो, म्हणून बाटली बर्फातून काढून आम्ही जरा थांबलो आणि निमुळत्या ग्लासांऐवजी वाइनचे रुंद ग्लास घेतले. बुडबुडे इतके बारीक, की जिभेला टोचत नाहीत, नुसते विरतात; मागून लिंबाच्या सालीसारखा लख्ख आंबटपणा येतो, जो त्या वर्षीच्या थंड उन्हाळ्यामुळे टिकला. चिवडा मात्र (नाशिककर असूनही सांगतो) बाजूला ठेवावा, कारण तिखटापुढे ही शॅम्पेन नुसतीच आंबट लागते. खारे काजू पुरतात.