तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं क्लाउडवर आहे, मग तुलाच का उठावं लागतं?

इचलकरंजीला चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. अंगठ्यांना अजून वेळ होता, याद्यांवर घोळ चालला होता, आणि मी आतल्या खोलीत साड्यांच्या पिशव्यांशेजारी लॅपटॉप उघडून बसले होते. कंपनीचे सर्व्हर, म्हणजे साइट आणि डेटा सांभाळणारे कंप्यूटर, चालू ठेवणं हे माझं काम. आत्या आत आली. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, तुमचं सगळं त्या क्लाउडवर गेलंय म्हणतेस ना? मग प्रत्येक वेळी तुलाच का उठावं लागतं?"

हा प्रश्न मला शेजारच्या काकांनी विचारलाय, नणंदेनं विचारलाय आणि मुलाखतीला येणारी पोरंही विचारतात. त्यांची भाषा सभ्य असते एवढंच: "मॅम, ऑन-कॉल असतं का?" म्हणजे अवेळी फोन आला तर उठावं लागतं का. पण आत्याला दिलेलं उत्तर बरं जमलं होतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

मी म्हटलं, "आत्या, ही खर्ची आहे." तिला लगेच कळलं. तुमच्यापैकी जे इचलकरंजीचे नाहीत त्यांच्यासाठी: ज्याच्याकडे माग आहेत पण सुतात गुंतवायला पैसा नाही, तो खर्चीवाला. व्यापारी सूत देतो, खर्चीवाला विणून देतो आणि पिकाप्रमाणे मजुरी घेतो. पीक म्हणजे एका इंचात भरलेले आडवे धागे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचे कंप्यूटर इंटरनेटवरून भाड्यानं वापरणं, आणि तो व्यवहार जवळपास असाच आहे. माग अॅमेझॉनचे, मायक्रोसॉफ्टचे नाहीतर गूगलचे, सूत आमचं, आणि मजुरी तासावर किंवा सेकंदावर. माग मोडला तर तो त्यांनी दुरुस्त करायचा. पण सूतच चुकीचं दिलं, नंबर चुकला, वीण चुकीची सांगितली, तर खर्चीवाल्याच्या दारात जाऊन भांडता येत नाही. या वाटणीला क्लाउड कंपन्या 'शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी मॉडेल' म्हणतात आणि त्यावर लांबलचक सादरीकरणं करतात. आत्याला दोन वाक्यांत समजलं.

माझे वडील जॉबर होते. स्वतःचा एकही माग नाही, दुसऱ्यांच्या कारखान्यांतले माग दुरुस्त करायचे. रात्रपाळीला माग अडला की दारावर थाप पडायची आणि अप्पा पाने घेऊन निघायचे. तेव्हा ठरवलं होतं की आपण असलं काही करायचं नाही. ठरवलेल्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच.

२००७ साली पुण्यात एका कंपनीत लागले तेव्हा सर्व्हर म्हणजे हाताला लागणारी वस्तू होती. सर्व्हर रूममध्ये इतकी थंडी की मे महिन्यात मी स्वेटर घेऊन जायचे आणि बसमधल्या बायका माझ्याकडे बघायच्या. डिस्क गेली की पिवळा दिवा लागायचा, ती ओढून काढायची, नवी सरकवायची. नवा सर्व्हर हवा असेल तर कोटेशन, मंजुरी, ऑर्डर, आणि दीडदोन महिन्यांनी खोका यायचा. अॅमेझॉनची भाड्याची यंत्रं २००६ पासून मिळत होती, पण आमच्याकडे त्याची चर्चा फक्त जेवणाच्या टेबलावर. खरा बदल मी पाहिला तो २०१५-१६ मध्ये. आधी मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नईत केंद्रं उघडली आणि २०१६ च्या जूनमध्ये अॅमेझॉनचं मुंबई रीजन, म्हणजे इथल्या केंद्रांचा समूह, सुरू झालं. तोवर अॅमेझॉन वापरणाऱ्याला सगळ्यात जवळचं ठिकाण सिंगापूर होतं. त्यानंतर दोनेक वर्षांत माझा स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्ये गेला तो गेलाच. आता टेराफॉर्म या, कोणती मशीन हवीत ते लिहून मागवायच्या साधनाच्या फाइलमध्ये दहा ओळी लिहिल्या की दोन मिनिटांत मशीन उभं राहतं. बंद करायचं विसरलात तर महिनाअखेरीस बिल येतं. त्या पिवळ्या दिव्याची जागा आता बिलानं घेतली आहे असं म्हणायला हरकत नाही.

तर मग उठावं का लागतं?

एक कारण अगदी साधं आहे, घड्याळाचं. बहुतेक सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. त्यांची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. रात्री बाराची म्हणून लावलेली कामं आपल्याकडे दूधवाल्याबरोबर सुरू होतात. १ जुलै २०१२, रविवार. पृथ्वी किंचित हळू फिरते म्हणून अधूनमधून जागतिक घड्याळात एक जादा सेकंद घालतात, तो त्या दिवशी आपल्या साडेपाचच्या ठोक्याआधी घातला गेला. पाच चाळीसला माझा फोन वाजला. जावा या भाषेतले प्रोग्रॅम चालवणारी सगळी मशीन शंभर टक्के सीपीयू, म्हणजे प्रोसेसरची सगळी ताकद, खात बसलेली. कुणी काही बदललं नव्हतं, गर्दी नव्हती, हल्ला नव्हता. मी दीड तास लॉग, म्हणजे मशीननं लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचले. नंतर कळलं की सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधली, म्हणजे गाभ्यातली, दोन घड्याळं त्या एका सेकंदानं एकमेकांपासून सुटली होती. त्यामुळे "मला थोड्या वेळानं उठव" असं सांगून झोपणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला ती तत्क्षणी उठवत होती, पुन्हा पुन्हा. जगभर असंच झालं होतं. आणि उपाय काय, तर तारीख विचारायची आणि तीच तारीख परत लावायची. एक ओळ. सीपीयू धपकन खाली आला. मी अप्पांना फोन करून हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मागाला पण कधी कधी नुसती थाप मारली की चालतो. कुठं मारायची ते कळायला पाहिजे." आता २०३५ पर्यंत हा जादा सेकंद बंद करायचं ठरलंय. मला जरा चुकल्यासारखं होईल.

दुसरं कारण गिऱ्हाईक. त्यांचा दिवस ती आपली रात्र. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

तिसरं कारण हे माझ्या मते खरं काम आहे: कोण कशावर टेकून उभं आहे, हे कुणालाच पूर्ण माहीत नसतं. २८ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री अकराच्या सुमारास अॅमेझॉनची एसथ्री ही साठवणुकीची सेवा अमेरिकेतल्या व्हर्जिनियात कोसळली. तिथल्या माणसानं नेहमीचीच कमांड दिली होती, एक आकडा चुकला आणि हव्यापेक्षा जास्त सर्व्हर काढून टाकले गेले. मजा पुढे आहे. त्यांचं 'सगळं ठीक आहे ना' दाखवणारं पान स्वतःच एसथ्रीवर टेकलेलं होतं, त्यामुळे ते कितीतरी वेळ हिरवंच राहिलं. तेव्हापासून मी हिरव्या रंगावर विश्वास ठेवत नाही.

किंवा परवाचंच घ्या. २० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, दुपारी बाराच्या पुढे आमच्या ग्रुपवर टुणटुण सुरू. पुन्हा व्हर्जिनिया. या वेळी माणसाचा हातही नव्हता. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधायची वही. ती अद्ययावत ठेवणारे दोन स्वयंचलित प्रोग्रॅम एकमेकांच्या आड आले आणि डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या नावापुढचा पत्ता चक्क कोरा झाला. डेटाबेस जिवंत होता, पण घर कुठे ते कुणाला सापडेना. आमचे सगळे सर्व्हर मुंबईत होते आणि ते छान चालू होते. आमची सेवा मात्र अडली, कारण बाहेरच्या ज्या दोन सेवा आम्ही वापरतो त्या व्हर्जिनियात राहत होत्या. त्यातल्या एकीबद्दल मला माहीत होतं. दुसरीबद्दल त्या दुपारी, हातात चकली असताना कळलं.

आणि आता जे सांगायला अजूनही जड जातं ते. २०११. नाव न सांगण्याजोगी कंपनी, चूक माझी. डेटाबेसचा रोजचा बॅकअप मी लिहिलेल्या स्क्रिप्टनं व्हायचा: डेटा काढायचा, पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमचं काम थेट पुढच्याकडे देणाऱ्या जोडणीतून, दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमकडे द्यायचा, फाइल ठेवायची, आणि सगळं नीट झालं तर 'यशस्वी' अशी मेल पाठवायची. आठ महिने रोज सकाळी मेल आली. मग एक दिवस खरोखर गरज पडली आणि फाइल उघडली, तर अर्ध्यात तुटलेली. त्याआधीची तशीच. त्याआधीचीही. झालं असं होतं की पाइपमध्ये शेवटचा प्रोग्रॅम ज्या निकालानं संपतो तोच सगळ्याचा निकाल धरला जातो. डेटा काढणारा रोज मध्येच मरत होता, पण दाबणारा आलेलं इमानदारीनं दाबून "झालं" म्हणत होता. 'पाइपफेल' नावाची एक सेटिंग लावली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. एका जुन्या सर्व्हरवर प्रत सापडली म्हणून तीन आठवड्यांच्या नोंदींवर निभावलं. त्या नोंदी हिशेब विभागातल्या दोघींनी हातानं पुन्हा भरल्या. मी रोज त्यांच्यासाठी चहा न्यायचे, आणि त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हा अप्पांनी जे सांगितलं ते कुठल्याही कोर्समध्ये शिकले नाही. साध्या मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. उभा तुटला तर थांबत नाही. खटखट चालूच राहते आणि कापडावर रेघ पडत जाते. म्हणून कामगारानं मागे जाऊन बघत राहायचं असतं. मी आठ महिने फक्त आवाज ऐकत होते.

क्लाउड कंपनी माग चालू ठेवते, आणि चांगला ठेवते, माझ्या सर्व्हर रूमपेक्षा नक्कीच चांगला. उभा धागा बघायचं काम तिनं घेतलेलं नाही. आता दर तिमाहीला आम्ही बॅकअप एका रिकाम्या मशीनवर परत उतरवून बघतो, दिवसाउजेडी, आणि नव्या पोरांना तेच काम आधी देते. त्यांना ते कंटाळवाणं वाटतं. त्यांना कुबरनेटीस हवं असतं, म्हणजे खूप मशीनवर प्रोग्रॅम आपोआप चालवणारी चलतीतली यंत्रणा.

"आमच्या मुलीनं यात यावं का?" हा जोडप्रश्न काकांचा. यावं, जर तिला घरातला फ्यूज उडाल्यावर तो का उडाला हे जाणून घ्यायची खाज असेल तर. आधी लिनक्स, मग डीएनएस आणि नेटवर्क, मग क्लाउड. उलटं शिकलेली मुलं मुलाखतीत भराभर सेवांची नावं सांगतात आणि "ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर काय काय होतं?" यावर थांबतात. प्रमाणपत्रं घ्या, वाईट नाहीत, पण चार पर्यायांतून एक निवडायच्या परीक्षेपेक्षा रेड हॅटसारखी परीक्षा मला आवडते. तिथे समोर मशीन देतात आणि म्हणतात, कर. आणि एआयमुळे नोकऱ्या जातील का? टेराफॉर्मच्या फाइली एआय माझ्यापेक्षा भराभर लिहितं, मी रोज लिहून घेते. ते बरोबर आहे का हे बघायला मला पूर्वीइतकाच वेळ लागतो. ऑटोलूम, म्हणजे स्वयंचलित माग, आले तेव्हा जॉबर संपणार असं बोलत होते. काही खरंच संपले. अप्पा पंचावन्नाव्या वर्षी इलेक्ट्रॉनिक कार्ड वाचायला शिकले, कुरकुरत.

रात्रीच्या कामाबद्दल खोटं सांगणार नाही. पूर्वी रात्री कॅब यायची, सासूबाई गॅलरीत उभ्या राहायच्या. आता घरूनच होतं, ते बरं. पण कामाची जागा उशाशी आली, ते बरं नाही. ऑन-कॉलचा वेगळा भत्ता आणि दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा, हे दोन्ही नोकरी घेण्यापूर्वी लेखी विचारा. न विचारल्यामुळे माझी चार वर्षं गेली.

साखरपुड्याच्या दिवशी नेमकं काय झालं होतं, हे आत्यानं जेवताना विचारलं. सर्टिफिकेटची मुदत संपली होती, म्हणजे आमची साइट आमचीच आहे असं सांगणारा दाखला. संपण्याआधी आठवणीच्या तीन मेल आल्या होत्या, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर. नवा दाखला लावायला अकरा मिनिटं लागली आणि अंगठ्या माझ्यावाचून घातल्या गेल्या. या दाखल्यांची कमाल मुदत आता टप्प्याटप्प्यानं कमी होत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे, हेही मी तिला सांगितलं.

"मग लग्नाच्या तारखेला कुठला संपतोय का ते आत्ताच बघून ठेव," आत्या म्हणाली आणि पानात जिलेबी वाढली. मी बघितलं. एक संपत होता.