मागची परात

पहाटे साडेपाचला शहाद्याहून प्रकाशाच्या दिशेने सायकल काढली की गिअर हा विषय डोक्यातही येत नाही. रस्ता तापीच्या सपाटीतला, दोन्ही अंगांना केळी, पपई आणि कापूस, आणि वारा अजून उठलेला नसतो. पुढचे पन्नास दातांचे मोठे चक्र आणि मागचे चौदा किंवा पंधरा दातांचे, एवढ्या जोडीवर तापीच्या पुलापर्यंत पाय फिरत राहतात आणि आपण बऱ्यापैकी सायकलपटू आहोत असा समज करून घ्यायला कोणाचीही आडकाठी नसते. खान्देशच्या सपाटीने हा समज आमच्यापैकी पुष्कळांना फुकट वाटला आहे. उत्तरेला निळसर दिसणाऱ्या सातपुड्याकडे चाक वळवेपर्यंत तो टिकतो.

गिअरचा हिशेब तसा चौथीतल्या भागाकाराचा आहे. पुढच्या चक्राच्या दातांना मागच्या दातांनी भागायचे आणि येणाऱ्या आकड्याला चाकाच्या परिघाने गुणायचे, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळते. वडिलांच्या काळ्या सायकलचे दात मी एकदा मोजले होते; पुढे ४४ आणि मागे १८. परिघ सुमारे २.२ मीटर धरला तर एका फेऱ्यात साधारण ५.४ मीटर. या एकाच गिअरवर त्यांनी दुधाचे कॅन वाहिले, मला शाळेत सोडले आणि चढ आला की कसलाही कमीपणा न मानता खाली उतरून सायकल हाती धरली. माझ्या रोड सायकलचा परिघ २.१ मीटर आहे. तिच्यात ५०–११ या जोडीवर एका फेऱ्यात साडेनऊ मीटर अंतर जाते आणि ३४–२८ या सर्वांत हलक्या जोडीवर अडीच मीटरच्या किंचित वर. बावीस गिअरांचा हा पसारा पाहून म्हसावदच्या चहाच्या टपरीवर एका आजोबांनी मला विचारले होते, “भाऊ, इतला गिअर शेतस, तरी घाम काबर येस?” मी हसून वेळ मारून नेली. उत्तर त्याच दिवशी दुपारी तोरणमाळच्या घाटात मिळाले.

तोरणमाळ अकराशे मीटरहून उंच आहे आणि शहाद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. राणीपूर मागे पडेपर्यंत रस्ता सभ्यपणे वागतो, त्यानंतर मात्र वळणामागून वळण सुरू होते. आतल्या बाजूने वळण घेतले तर चढ भिंतीसारखा अंगावर येतो आणि बाहेरून घ्यावे तर समोरून उतरणाऱ्या जीपची धास्ती. ३४–२८ वर मी ताशी सात किलोमीटरने चढत होतो, म्हणजे मिनिटाला पायडलचे जेमतेम ४६ फेरे. सपाटीवर ज्यांना ८५ फेऱ्यांची सवय आहे त्या पायांना ४६ फेरे म्हणजे ओल्या काळ्या जमिनीतून बैलगाडी ओढणे. दम टिकून होता, पण गुडघ्यांनी साथ सोडली. चौथ्या की पाचव्या वळणावर मी उतरलो आणि बुटांच्या तळाचे क्लीट डांबरावर टकटक वाजवत चालू लागलो. डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन बायका मागून आल्या, सायकलकडे पाहून आपसांत काही बोलल्या आणि सहज पुढे निघून गेल्या.

घरी आल्यावर मी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, बदलून चढ हलका करणारे मोठे चक्र बसवायचे ठरवले, आणि आमच्या गटात जणू धर्मांतराचा विषय निघाला. मागे मोठे चक्र लावणे म्हणजे हार मानणे, ही समजूत सायकलवाल्यांत फार जुनी आहे. तूर द फ्रान्स शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांनी १९०२ मध्येच लिहून ठेवले होते की बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत. जिंकायचे ते स्नायूंच्या बळावर. त्यांच्या शर्यतीत डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे यंत्र, वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. मला त्या वर्षी सेहेचाळिसावे लागले होते, त्यामुळे देग्रांजसाहेबांच्या नियमानेही मी सुटत होतो. आमच्या गटातले नाना मात्र देग्रांजहून कडक. नव्या कॅसेटमधले ३४ दातांचे सर्वांत मोठे चक्र हातात घेऊन त्यांनी उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, परात तर आणली, आता पीठही सोबत ठेवत जा.” तेव्हापासून त्या चक्राचे नाव परातच पडले.

ही परात बसवणे वाटले तितके सोपे नव्हते. माझ्या आखूड दांडीच्या डिरेलरला २८ दातांपलीकडचे झेपत नव्हते, म्हणून लांब दांडीचा डिरेलर घ्यावा लागला; चेनही जास्त कड्यांची लागली. ती नेमकी किती कड्यांची ठेवायची हे पुढचे मोठे आणि मागचे मोठे चक्र जोडून पाहिल्याशिवाय ठरवू नये. एका दुकानदाराने अंदाजाने तोडून दिली आणि पहिल्याच दिवशी ती त्या जोडीवर ताणून अडकली. गुडघ्यांसाठी घेतलेल्या चक्राने खिसा बराच हलका केला, हे नानांना अजून सांगितलेले नाही.

पुन्हा त्याच घाटात गेलो तेव्हा वेग तोच होता, ताशी सात. फरक एवढाच की ३४–३४ वर पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, त्यामुळे ४६ च्या जागी ५६ फेरे बसत होते. कागदावर हे दहा फेरे किरकोळ दिसतात, घाटात मात्र त्यांनी गुडघ्यावरचा भार छातीवर नेला. छाती धापा टाकते, कुरकुरते, पण वळणावर श्वास खाऊन पुन्हा कामाला लागते. एकदा रुसलेला गुडघा त्या दिवशी परत येत नाही. मी यशवंत तलावापर्यंत न उतरता पोहोचलो. वाटेत कोणाला मागे टाकले नाही, त्या दिवशी मोळीवाल्या बायकाही भेटल्या नाहीत.

परातीची किंमत परतीच्या वाटेवर कळली. जुन्या कॅसेटमध्ये ११ पासून १५ पर्यंत प्रत्येक दात क्रमाने होता. नवीनमध्ये ११, १३, १५, १७ अशा उड्या आहेत, कारण चक्रे तेवढीच आणि पल्ला मोठा. राणीपूरच्या खाली सपाटी लागली आणि फेब्रुवारीच्या दुपारचा पश्चिमेचा वारा आडवा झाला. १५ वर पाय रिकामे पळत, १३ वर जड होऊन बसत. मधला १४ मला हवा होता आणि तो घरी फडताळात, तेल पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता. म्हसावदला टपरी बंद होती. तिथून शहाद्यापर्यंत मी १३ आणि १५ यांच्यामध्ये बोट दाबत राहिलो, आणि लोणखेड्याजवळ नाना समोरून आले तेव्हा वाऱ्याचे कारण सांगितले.